चौथा मासा, रिकामा

माशाला सुरी लावण्याआधी दोर्का त्याच्या पोटावर तळहात ठेवून थांबत असे. फार वेळ नाही. दार वाजवल्यावर आतून कुणी 'कोण?' म्हणेपर्यंत माणूस थांबतं, तेवढाच. मग सुरीचं टोक शेपटीच्या अलीकडे घालून ती एका ओढीत कल्ल्यांपर्यंत पोट फाडत नेई. हे ती दिवसातून चाळीस वेळा करी, कधी साठ. एकतीस वर्षं तिने हे केलं आणि न थांबता सुरी चालवताना तिला एकदाही पाहिलेलं कुणी आमच्या किनाऱ्यावर नाही.

माझी तिची ओळख झाली तेव्हा ती साठीची होती. उंच, वाळलेली, कमरेला निळ्या प्लास्टिकचं फडकं. तिची सुरी घासून घासून बोटाएवढी अरुंद झाली होती. न्यालोंगोच्या किनाऱ्यावर मासळी खात्याचं एक लहानसं ठाणं आहे, दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. तिथल्या जुन्या वह्या संगणकात उतरवायचं काम मला सात महिन्यांसाठी मिळालं होतं. वह्यांमध्ये एकच गोष्ट होती: कुठल्या म्बुताच्या पोटात काय सापडलं. तारीख, माशाची लांबी, आणि पुढे दोनचार शब्द. जवळजवळ सगळं अक्षर दोर्काचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं, प्रत्येक अक्षर वेगळं उभं असलेलं.

"फुलू, सात." "फुलू, अकरा, दोन लाल शेपटीचे." "जवळा, मूठभर." "ओमेना", म्हणजे आमची बोटभर चंदेरी मासळी. "स्वतःचं पिल्लू." आणि सगळ्यांत जास्त वेळा, पानामागून पान: "रिकामं."

म्बुता हा मासा मुळात आमच्या सरोवरातला नव्हे. दोर्का लहान असताना तो कुणीतरी आणून सोडला. बादलीतून आणला म्हणतात, कुणी म्हणतं पिंपातून. वीस वर्षं तो कुणाला फारसा दिसला नाही. मग एकाएकी जाळी फाटू लागली. माणसाएवढे मासे निघू लागले, चांदीसारखे, अंधारात डोळे पेटल्यासारखे दिसणारे. सुरुवातीला बायका त्याला हात लावत नसत. त्याची चरबी फार, चुलीवर टाकला की नुसता पाझरायचा. आणि तो माणसं खातो अशी बोलवा होती.

दोर्काचा नवरा झाब्लोन ओगोला सत्त्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये पहाटे जाळी उचलायला एकटा गेला. दुपारी त्याची होडी बेटाच्या दगडांपाशी सापडली. जाळी होडीतच, कोरडी. वल्हं जागेवर. फळीवर त्याचा सदरा घडी घालून ठेवलेला.

"घडी घालून?" मी तिला विचारलं होतं.

"हो ना. नीट. बाह्या आत." तिने हवेतच घडी घालून दाखवली. "नऊ वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर, पोरी. सदरा काढला की तो जिथे पडेल तिथे. मी उचलायचे, मी घडी घालायचे. त्या दिवशी होडीत घडी कुणी घातली, ते सांग मला."

तेव्हा कुणी म्हणालं, ज्याला होडी सापडली त्यानेच घातली असेल. त्याने शपथेवर सांगितलं, हात लावला नाही. कुणी म्हणालं, पोहायला उतरला आणि म्बुताने ओढला. आणि कुणी हळूच, ती ऐकेल एवढ्याच आवाजात म्हणालं की पलीकडच्या किनाऱ्यावर, युगांडाच्या बाजूला, माणसाला नवा जन्म घ्यायला एक रात्र पुरते.

आठ दिवस शोध झाला. प्रेत वर आलं नाही. आमच्याकडे सरोवराने माणूस परत दिला नाही, तर यागोचं फळ पुरतात. यागोचं झाड तुम्ही पाहिलं असेल तर कळेल. लांब दोरासारख्या देठांना हातभर लांबीची, राखाडी, जड फळं लोंबतात. त्यातलं एक काढायचं, कापडात गुंडाळायचं, माणसासाठी रडतात तसं रडायचं आणि घराच्या उजव्या अंगाला, जिथे घरधन्याची जागा, तिथे मातीत ठेवायचं. त्यानंतर तो माणूस मेला. त्यानंतर तो परत आला तरी त्या घरात त्याला जागा उरत नाही, असं आमचे म्हातारे सांगतात. त्याने दुसरीकडे जावं.

ओगोलाचा थोरला भाऊ ओबिएरो नवव्या दिवशी फळ घेऊन आला. दोर्काने त्याला अंगणातच थांबवलं.

"कशासाठी आणलंत?"

"भावासाठी."

"तुमचा भाऊ सापडला का?"

"नाही सापडला म्हणूनच तर."

"मग ठेवा झाडाखाली. सापडला की बोलू."

विधवेला आमच्या भाषेत थडग्याची बायको म्हणतात. थडगंच नाही, तर दोर्का कुणाची? भावाच्या विधवेला बायको म्हणून घरात घ्यायची आमची रीत, पण ओबिएरो तिला घेऊ शकत नव्हता. म्हणूनच ती अडून बसली, असं गाव म्हणायचं. ओबिएरो घोरतो म्हणून, असंही म्हणायचं. दोर्का हसून घ्यायची. तिला गावाचं हे बोलणं बरं वाटे. खरं कारण त्यापेक्षा साधं होतं आणि ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

त्याच महिन्यात ती किनाऱ्यावर मासे साफ करायला बसू लागली. इतर बायका पोट फाडून आतडी मागे फेकत. मागे टकले करकोचे म्हाताऱ्यांच्या पंचायतीसारखे रांगेत उभे असत, त्यांच्यासाठी. दोर्का मात्र प्रत्येक माशाची जठराची पिशवी वेगळी काढी, उभी चिरी आणि बोटांनी उघडून पाही.

तिच्या शेजारी रिस्पा बसायची. जाडजूड, तोंडाळ, सात पोरांची आई. "काय ग, मिन ओविती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, ओवितीची आई अशी हाक मारून, "आज तरी आला का नवरा घरी?"

"येऊन गेला," दोर्का खाली पाहूनच म्हणायची. "तुझ्या घराची वाट विचारत होता."

"मग पाठव की! माझा म्हातारा नुसता खातो आणि झोपतो."

"हा पण तेच करतो," दोर्का म्हणायची आणि हातातला म्बुता उलटा करायची.

बायका हसायच्या. रिस्पा सर्वांत जास्त. पण पिशवीतून एखादं हाड पांढरं चमकलं की पहिली रिस्पाच गप्प व्हायची. ते माशाचं हाड आहे असं दोर्काने म्हटल्यावरच तिची सुरी पुन्हा चालू व्हायची.

मी तिला दानी म्हणे, आजीला म्हणतात तसं. "दानी, तुला काय सापडेल असं वाटायचं?"

"ठाऊक नव्हतं. दिसलं की कळेल, असं वाटायचं."

जे दिसलं ते फुलू होते. बोटाएवढे, करंगळीएवढे, निळे, पिवळे, लाल शेपटीचे, काळ्या पट्ट्यांचे. लहानपणी आम्ही भाजून खायचो ते. दोर्काच्या लहानपणी त्यांना कुणी मोजत नसे. टोपली बुडवायची आणि काढायची. म्बुताच्या पोटात ते दाटीवाटीने, सगळे एकाच दिशेला तोंड करून असत. फुलूची आई पिल्लं तोंडात धरते. धोका दिसला की जबडा मिटून घेते. म्बुताच्या पोटात सुद्धा तिचा जबडा मिटलेलाच असायचा. दोर्का तो नखाने उघडून पाही. आत अंडी असत, मोहरीएवढी, पिवळी, अजून ताजी.

"ती मी कधी फेकली नाहीत," ती म्हणाली. "पाण्यात सोडायचे. काही उपयोग नाही, हे कळत होतं."

ऐंशी साली मासळी खात्याकडून शिउंदू नावाचा एक तरुण अधिकारी आला. डोंगराकडचा, पाण्याला भिणारा. हा नवा मासा खातो काय, हे त्याला लिहून न्यायचं होतं. त्याने रिस्पाला विचारलं.

"मला काय विचारता साहेब?" रिस्पा म्हणाली. "त्या बाईला विचारा. ती रोज माशांच्या पोटात नवरा शोधते. खात्याचं काम ती फुकटात करतेय."

शिउंदू दोर्काजवळ जाऊन उकिडवा बसला. त्याने नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही, हे तिच्या लक्षात राहिलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "यातला कुठला आधी गिळलेला?"

"हा," ती म्हणाली. "याची कातडी गेली. हा मागाहून. हा तर आत्ता, जाळ्यात."

"तुम्हाला लिहिता येतं का?"

"हळू लिहिते."

"मासा कुठे पळून चाललाय?" तो म्हणाला आणि त्याने तिला पहिली वही दिली.

त्या वहीने तिला शिकवलं, आणि जे तिला नको होतं तेच शिकवलं. वीतभर लांबीचा म्बुता जवळा खातो, चतुराच्या अळ्या खातो. हातभर झाला की मासे. त्याहून मोठा झाला की मोठे मासे, पण कधीच स्वतःच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे नाहीत. तो तोडत नाही. त्याचे दात कानशीसारखे बारीक, धरून ठेवण्यापुरते. तो तोंड उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढतो, अख्खं, बहुतेक वेळा डोक्याकडून. आणि खोल पाण्यातून झटकन वर ओढला की त्याची पिशवी उलटून तोंडाबाहेर येते, जे खाल्लं ते सांडून जातं. म्हणून इतके रिकामे.

एक वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी ती शिउंदूला म्हणाली, "साहेब, हा मासा चावत नाही."

"नाही. गिळतो."

"याच्या तोंडात मावेल तेवढंच गिळतो."

"तेवढंच."

तिने सुरी खाली ठेवली. "मग माणूस?"

शिउंदूने पेनाचं टोपण लावलं. "माणूस मावत नाही, मिन ओविती. लहान मूलसुद्धा नाही. नुसत्या वहीतच तुमची नऊ हजार पोटं आहेत. तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतंच. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली, तळहात पोटावर ठेवून थांबली आणि सुरी लावली. पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं.

हे मला समजायला वेळ लागला. माशाने खाल्लं नाही, तर दोनच गोष्टी उरत होत्या. एक, तो बुडाला आणि तळाशी राहिला. दुसरी, घडी घातलेला सदरा. मासे उघडत असेपर्यंत तिसरी गोष्ट उरत होती. ती खोटी आहे हे माहीत असूनही, त्या तिसरीच्या आडोशाला बसून तिला रोजचा दिवस काढता येत होता.

वह्यांमधले फुलू मात्र कमी होत गेले. सात. पाच. दोन. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत एक लाल शेपटीचा, एकटा. त्यानंतर मी पानं उलटत गेले तरी फुलू नाही. जवळा, जवळा, ओमेना, आणि "स्वतःचं पिल्लू", "स्वतःची पिल्लं, तीन". खायला काही उरलं नाही तेव्हा म्बुता आपल्याच मुलांकडे वळला. दोर्काने ते सुद्धा त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं आहे. एका पानाच्या समासात फक्त, खाडाखोड न करता: "आज एकात एक, त्यात आणखी एक."

ओविती मोठा झाला. तो होडीवर गेला नाही, सुतार झाला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आमच्याकडे थोरल्या मुलाने वेळेवर आईबापाच्या अंगणातून निघून आपलं फाटक, आपलं घर उभं करायचं असतं. त्या सकाळी बाप पुढे चालतो. बाप मेला असेल तर बापाचा भाऊ. पण बाप मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तर पुढे कोण चालणार? ओबिएरो म्हणे, जिवंत भावाची जागा मी घेतली तर तो शाप होईल. त्याला मेलेला करा, मग मी येतो. ओविती दुसऱ्यांची घरं बांधत होता आणि स्वतः आईच्या अंगणातल्या पोरवयाच्या झोपडीत बायको-मुलीसह राहत होता. पाठचे दोन चुलतभाऊ त्याच्यामुळे खोळंबलेले.

शहाण्णव सालच्या जुलैत त्याने विषय काढला. त्याची बायको लेवी हिने मला हे सांगितलं. ती दारात ज्वारी निवडत होती.

"आई, एकोणीस वर्षं झाली."

"माहीत आहे. मी मोजलीत."

"तुझ्या माशांनी काही सांगितलं?"

"चेष्टा करतोस?"

"नाही ग. विचारतोय. खरंच विचारतोय." ओविती तिच्यासमोर बसला. "तू म्हणालीस, सापडला की बोलू. मी पाच वर्षांचा होतो. मला त्याचं तोंड आठवत नाही. मला त्याच्या खोकल्याचा आवाज आठवतो, तोसुद्धा त्याचा की ओबिएरोकाकाचा, नक्की नाही. माझी मुलगी विचारते, आपलं घर कुठलं. मी काय सांगू? आजोबांनी सदरा घातला की बांधू?"

लेवीला वाटलं, म्हातारी आता उठून त्याच्या कानफटात देणार. दोर्का उठली नाही. 

"फुलू आठवतात तुला?" तिने विचारलं.

"ते छोटे? तू भाजून द्यायचीस ते?"

"तेरा वर्षं झाली. मी रोज बघते. एक नाही." ती हळू बोलत होती. "इतके होते, ओविती. कुणाला खरं वाटणार नाही इतके. आधी वाटायचं, दगडात लपले असतील, येतील. आता नाही वाटत. गेलेलं जातं. हे मला शिकायला तेरा वर्षं लागली, आणि तेही माशाने शिकवावं लागलं." मग म्हणाली, "काकाला सांग, फळ आण म्हणावं."

ऑगस्टची बारा तारीख ठरली. दुपारी. सगेसोयरे आदल्या दिवसापासून आले होते. खड्डा खणून तयार होता, घराच्या उजव्या अंगाला. आणि सकाळी सहाला दोर्का निळं फडकं कमरेला बांधून किनाऱ्यावर हजर.

"आजही?" रिस्पा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"दुपारपर्यंत मी त्याची बायको आहे," दोर्का म्हणाली. "बस. सुरी दे."

पहिला मासा जवळ्याचा. दुसऱ्यात ओमेना. तिसरा रिकामा. चौथ्याच्या पोटावर तिने तळहात ठेवला, थांबली, फाडला, पिशवी चिरली.

आत फुलू होता. लाल शेपटीचा. नुकताच गिळलेला, डोळेसुद्धा स्वच्छ. जबडा घट्ट मिटलेला.

शिउंदू चार पावलांवर वही घेऊन उभा होता. आता त्याचे केस पिकले होते, डोळ्यांवर चष्मा होता. त्या दिवशी ती लिहिणार नाही असं धरून त्याने स्वतःच पेन घेतलं होतं. "चौथा?" त्याने विचारलं.

दोर्काने मूठ मिटली. "रिकामा."

तिने वही मागून घेतली आणि ते स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यानंतरचे मासे तिने रिस्पाला करायला सांगितले आणि ती पाण्यात गुडघाभर गेली. फुलूचा जबडा तिने उघडला नाही. नुसता धुतला आणि सोडून दिला. मेलेलाच तो, पोट वर करून तरंगला आणि लाटेबरोबर तिच्या पायांपाशी परत आला. तिने ढकलला. तो परत आला. तिसऱ्यांदा तिने त्याला लांब फेकला, आणि कुठे पडला हे न पाहता वळून घरी गेली, डोकं भादरायला.

फळ पुरलं गेलं. दोर्का अशी रडली की, लोक म्हणतात, तशी कुठलीच बाई कधी रडली नाही. ओबिएरोने माती टाकली. तो तोवर सत्तर ओलांडलेला, घोरण्याखेरीज कशातच जोर न उरलेला; तिला घरात घेण्याचा विषय त्याने काढला नाही. तीन आठवड्यांनी पहाटे तोच कोंबडा आणि कुऱ्हाड घेतलेल्या ओवितीच्या पुढे चालला. संध्याकाळी ओवितीच्या नव्या घरावर पत्रे चढले होते.

मासळी खात्याच्या अहवालात लिहिलं आहे की न्यालोंगोच्या उपसागरात फुलू तेरा वर्षांनंतर पुन्हा दिसले ते तेवीस ऑगस्टला. मी ती ओळ संगणकात उतरवत होते, तेव्हा दोर्का शेडच्या दारात टेकून चहा पीत होती. मी मोठ्याने वाचलं.

"बारा," ती म्हणाली.

"काय, दानी?"

"बारा तारखेला. चौथा मासा." आणि मग तिने मला हे सगळं सांगितलं, चहा गार होईपर्यंत. मी वही काढली. पान सापडलं. वरच्या तीन ओळी शिउंदूच्या तिरप्या अक्षरात. चौथी तिची. "रिकामं."

"बदलू?"

"तुला काय वाटतं?"

"खरं ते लिहायला हवं ना."

"तू शिकलेली आहेस. तुझं बरोबर." तिने कप खाली ठेवला. "पण ओविती अधूनमधून इथे खिडक्या दुरुस्त करायला येतो. त्याला वाचता येतं. तो विचारेल, आई, गेलेलं परत येतं हे त्या सकाळी तुला कळलं होतं? आणि तरी तू माती टाकू दिलीस? तो घरात झोपू शकणार नाही, पोरी. माझ्यासारखा होईल."

मी वही मिटली. संगणकात मी बारा तारखेला चौथा मासा रिकामाच लिहिला आहे. तो अजून तसाच आहे.

"तेव्हापासून मी भिते," ती म्हणाली. तिने ते सर्दी झाली आहे म्हणावं इतक्या साधेपणाने म्हटलं. "आधी एकोणीस वर्षं मला भीती होती की तो येणार नाही. त्या दुपारपासून भीती की येईल. होडी लागली की आधी मी माणसांचे पाय बघते."

एकदा, दोन हजार एक साली, युगांडाकडून ओमेना घेऊन आलेल्या होडीतून एक म्हातारा उतरला. दोर्का मासे करत होती. तो तिच्यापाशी आला आणि पाणी मागितलं. तिने दिलं. तो पालथ्या टोपलीवर बसून सावकाश प्यायला. त्याचे खालचे दात काढलेले होते, त्या वयाच्या आमच्या सगळ्याच पुरुषांचे असतात तसे. बोली आमचीच, पण सुरावर पलीकडच्या किनाऱ्याचा हेल.

त्याने वर चढणीकडे बोट केलं. "ते नवं घर कुणाचं?"

"माझ्या मुलाचं."

"चांगलं बांधलंय."

"त्याने स्वतः बांधलं. सुतार आहे."

"चांगलं आहे," तो पुन्हा म्हणाला. त्याने भांडं तिच्या हातात न देता वाळूत ठेवलं आणि होडीकडे गेला.

"नाव विचारलं नाहीस?" मी म्हटलं.

"नाही."

"का ग?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," दोर्का म्हणाली.

तो झाब्लोन नव्हता, असं रिस्पा ठामपणे सांगते. झाब्लोनचे कान केवढे मोठे होते, ती म्हणते. ह्याचे कान साधे. पण रिस्पा त्या दिवशी बाजाराला गेली होती, हे तिलाही ठाऊक आहे.

माझं काम संपलं त्याच्या पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, दोर्का गेली. शेवटच्या दिवशीही ती सकाळी किनाऱ्यावर गेली होती. रिस्पा म्हणते, त्या सकाळी ती प्रत्येक माशावर नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबत होती. पण ही गोष्ट रिस्पाने नंतर सांगायला सुरुवात केली. दुपारी दोर्का ओवितीच्या घरी जेवली, मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजलेला मासा. आमच्याकडे आई मुलाच्या घरी रात्र काढत नाही, म्हणून ऊन उतरल्यावर ती आपल्या घरी जायला निघाली. लेवी तिला पोचवायला फाटकापर्यंत गेली. ओविती अंगणात फळीला रंधा मारत होता. दोर्का फाटकाशी जरा खोळंबली, दोन्ही हातांनी काहीतरी ओढत, मग बाहेर पडली आणि तिथूनच, मागे न वळता, नेहमीच्या आवाजात तिने त्याला सांगितलं:

"ओविती, या कडीला तेल घाल रे. जाम झालीय."